आवाज कुठून घ्यायचा

इल्ग्वार्सने जन्मभर लिएपायाच्या ट्राम दुरुस्त केल्या.
त्याचं म्हणणं, तार म्हणजे तार:
एका टोकाला देणारं, एका टोकाला घेणारं,
मधे कुणाचं तरी डोकं फिरलेलं.

तरी पहिल्या दिवशी उलटंच झालं.
लॅपटॉप टीव्हीला जोडला, आणि टीव्हीत
लॅपटॉपच आला. मुलीने लावलेला समुद्राचा फोटो,
त्रेचाळीस इंची समुद्र,
त्यावर तरंगणारी कचऱ्याची बादली.
खिडकीबाहेर खरा होता, करडा, फुकटचा.
"ही खाच नुसती देते. घेत नाही,"
असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं,
जणू लॅपटॉप माझ्या माहेरचा.

मग रीगाहून पाकीट आलं.
अंगठ्याएवढी डबी, एकीकडे टीव्हीच्या खोक्याची केबल,
दुसरीकडे लॅपटॉप. सदतीस युरो.
मी म्हटलं, यात थोडे घातले असते
तर माझे हिवाळी बूट आले असते.
तो काही बोलला नाही.
तो बोलतच नाही. चाळीस वर्षं
मी त्याचे शब्द पुरवून पुरवून वापरलेत,
टंचाईतल्या साखरेसारखे.

आणि हा सगळा खटाटोप माझ्यासाठी.
मालिका रात्री सव्वानऊला, मी बेकरीत रात्रपाळीला.
दीपगृहावरची विधवा, तिचा लबाड दीर,
बुडालेल्या बोटीचा विमा.
ती कागद शोधत असते तेव्हा
माझे हात कोपरापर्यंत राईच्या पिठात.

सकाळी सहाला घरी आले. तो झोपलेला.
कॉफी ओतली, फाईल उघडली.
चित्र लख्ख. विधवेच्या भुवईजवळचा तीळसुद्धा दिसला.
तिने तोंड उघडलं,
आणि त्यातून आमची खुर्ची करकरली.

दीर जिना चढला,
आमच्या कुत्र्याची नखं फरशीवर वाजवत.
वकिलाने चहाचा भुरका मारला.
चित्र टीव्हीचं होतं, आवाज खोलीचा.

बंद करणारच होते.
"बघ झाइगा, आता हा कागद लपवणार."
माझ्या नावाने. माझ्या रिकाम्या खुर्चीला.
"मी म्हटलं होतं ना, या माणसाचे बूट फार स्वच्छ आहेत."
कधी म्हटलं होतं?
मग बराच वेळ रेडिएटर.
मग साबणाच्या जाहिरातीत, हळूच,
"तुझी ती तिसरी भट्टी पेटली असेल का गं आज?"

दुपारी उठल्यावर त्याने विचारलं, "आलं?"
"आलं," मी म्हटलं.
दीर पकडला गेला, हे मला बेकरीतल्या मिर्द्झाने सांगितलं.

असे पाच बुधवार.
नाताळला मुलगी आली, तिने दहा सेकंदांत ओळखलं:
"बाबा, आवाज मायक्रोफोनवर ठेवलाय तुम्ही!
घरातलं सगळं रेकॉर्ड होतंय."
त्याचे कान बिटासारखे लाल झाले.
मी पाव कापत राहिले, हवे त्याहून जास्त.

आता विधवा स्वतःच्या आवाजात बोलते.
किनरा आवाज आहे. मला वाटलं होतं, घोगरा असेल.

गेल्या बुधवारी तो कुत्र्याला खाली घेऊन गेला,
तेव्हा मी कोट घालूनच लॅपटॉप उघडला.
यादीत दोनच नावं. खालच्यावर टिचकी मारली.

सकाळी: खुर्ची. चहा. कुत्र्याचं अंग झाडणं.
बाकी काही नाही. त्याला कळलंय, किंवा
बोलण्यासारखं काही उरलं नसेल. मी तरी ऐकत बसले,
पन्नास मिनिटं, कॉफीवर साय धरेपर्यंत.
नावं वर सरकायला लागली तेव्हा घसा खाकरला गेला.

"झाइगा, तुझ्या बुटांचा नंबर
अडतीस की एकोणचाळीस?"

"एकोणचाळीस," मी लॅपटॉपला सांगितलं, जरा मोठ्याने.

आतल्या खोलीत घोरणं थांबलं.